मार्करला नवा दस्ता बसवल्यावर बिघाड झाला, तर शोध कुठून सुरू करावा

पेंटबॉल या रंगाच्या गोळ्यांच्या खेळातल्या मार्करला, म्हणजे वायूवर चालणाऱ्या बंदुकीला, बाजारातून वेगळा घेतलेला खांद्याला टेकवायचा दस्ता बसवला आणि त्यानंतर तो अडखळू लागला, त्यातून वायू गळू लागला किंवा एकदा चाप ओढताच तीन-चार गोळ्या आपोआप सुटू लागल्या, तर बहुतेक जण पहिल्याच दिवशी मार्कर पूर्ण उघडून बसतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. बिघाड दस्त्यासोबत आला असेल, तर आधी दस्त्याचीच चौकशी करावी. पुढील विवेचन टिपमन ९८ कस्टम या मार्करला धरून केले आहे, कारण त्याची रचना साधी आहे: ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे शिंपल्यासारखे दोन अर्धे भाग, आत एका रेषेत बसलेले हॅमर (आदळणारा हातोडा), वाल्व्ह (वायू सोडणारी झडप) आणि बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा भाग), आणि मागच्या टोकाला एक झाकण. दस्ता बसतो तो याच झाकणाच्या जागी.

कोणत्याही कामापूर्वी मास्क घालावा, हॉपर, म्हणजे गोळ्यांचा वरचा डबा, आणि आतील गोळ्या काढाव्यात आणि गोळी सुटते त्या नळीवर संरक्षक पिशवी चढवावी. त्यानंतर वायूचा सिलिंडर सावकाश, साधारण पाऊण फेरा सैल करावा, म्हणजे वायू सोडणारी त्याची पिन बंद होते. मग सुरक्षित दिशेला चाप ओढून आत उरलेला वायू सोडून द्यावा आणि नंतरच सिलिंडर पूर्ण काढावा. या वेळी एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे. सिलिंडर मार्करपासून सुटण्याऐवजी स्वतःच्याच वाल्व्हपासून सुटत असेल, तर तिथेच थांबावे, कारण वाल्व्ह असा निघाल्याने जीवघेणे अपघात झालेले आहेत. वाल्व्ह आणि सिलिंडर या दोहोंवरून जाणारी नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवली, की वाल्व्ह जागेवरून हलला का, हे एका नजरेत समजते.

आता दस्ता काढून मूळ झाकण परत बसवावे आणि सिलिंडर लावून मार्कर गोळ्यांविना चालवून पाहावा. बिघाड नाहीसा झाला, तर आतले सुटे भाग निर्दोष आहेत आणि दोष दस्त्याच्या जोडात, म्हणजे झाकणाच्या जागी बसणाऱ्या त्याच्या तुकड्यात, आहे, असे समजण्यास हरकत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हॅमरच्या मागे मुख्य स्प्रिंग असते आणि तिच्यातून जाणारी मार्गदर्शक दांडी मागच्या झाकणावर टेकते. दस्त्याचा जोड मूळ झाकणापेक्षा आतल्या बाजूस जाड असेल, तर हॅमरला मागे जाण्यास मिळणारी जागा तेवढी कमी होते. मग त्याला अडवून धरणाऱ्या खिट्टीपर्यंत, म्हणजे सीअरपर्यंत, तो पोहोचतच नाही आणि पुन्हा पुढे धावतो. आपोआप सुटणाऱ्या गोळ्यांचे हे एक कारण आहे. जोड सैल असेल, तर प्रत्येक फेरीला तो हलतो आणि अ‍ॅल्युमिनियमची खाच हळूहळू झिजवतो. माझ्या मार्करच्या बाबतीत प्रकार याहूनही क्षुल्लक निघाला: दस्त्यासोबत आलेला एक स्क्रू गरजेपेक्षा लांब होता आणि त्याचे टोक हॅमरला घासत होते. हॅमरवरचा ताजा चकचकीत ओरखडा दिसेपर्यंत मी दोन रविवार सीअरलाच दोष देत बसलो होतो.

म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेऊन मूळ झाकण आणि नवा जोड शेजारी ठेवावेत आणि आतल्या कडेची जाडी, खाचेत बसणाऱ्या कडेची रुंदी व स्क्रूची लांबी मोजावी. जोड जाड असेल, तर तो घासून कमी करून घेणे शक्य असते आणि या कामासाठी कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडे मूळ झाकण नमुना म्हणून नेले, की तो त्या मापाचे काम लेथवर करून देईल. मात्र सिलिंडर, त्याचा वाल्व्ह किंवा वायूच्या मार्गातला कोणताही भाग लेथवर चढवू देऊ नये, कारागीर कितीही सराईत असला तरी. मार्करच्या मागच्या खाचेला तडा गेलेला दिसला, तर तिथे वेल्डिंगचा खटाटोप न करता तो अर्धा भागच बदलावा.

मूळ झाकण बसवूनही बिघाड कायम राहिला, तरच आत शिरावे. वायूची गळती असेल, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे आले, तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलावी. वायू नळीच्या तोंडातून सतत येत असेल, तर वाल्व्हचे कप सील, म्हणजे वायू अडवणारी त्याची चकती, झिजलेले असते किंवा त्यावर कचरा अडकलेला असतो.

आपोआप गोळ्या सुटणे चालूच राहिले, तर आधी भरलेला सिलिंडर लावून पाहावे, कारण दाब कमी पडला की निर्दोष मार्करही हॅमरला पुरेसा मागे ढकलू शकत नाही. त्यानंतर हॅमरवरची ओ-रिंग सुकली किंवा तुटली आहे का, सीअरची कड गोल झाली आहे का आणि तिची स्प्रिंग जागेवर आहे का, हे पाहावे. हॅमर आपटल्याचा आवाज येतो, पण गोळी पुढे जात नाही, अशा वेळी हॅमर आणि पुढचा बोल्ट यांना जोडणारी वाकडी तार, म्हणजे लिंकेज आर्म, निसटलेली किंवा वाकलेली असण्याचा संभव अधिक असतो.

मार्कर उघडताना तो परातीत पांढऱ्या कापडावर आडवा ठेवावा, वरचा अर्धा भाग सावकाश सरळ उचलावा आणि कशालाही हात लावण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढावे. चापाची बारीक स्प्रिंग एकदा उडाली, की ती शोधण्यात दुपार जाते. ओ-रिंगला मार्करसाठी बनवलेलेच तेल द्यावे. घरात असलेले इंजिन ऑइल किंवा गंज सोडवण्याचा फवारा वापरल्यास रबर खराब होऊ शकते. परत जोडताना स्क्रू घट्ट बसले की थांबावे, कारण ओतीव अ‍ॅल्युमिनियममधले आटे लवकर जातात.

गोळ्या नळीतच फुटत असतील, तर दस्त्याचा संबंध सहसा नसतो. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि कोल्हापूरच्या जुलैतल्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी गोळ्या फुगवते. नळी पुसावी, गोळी अडवणारा डिटेंट तपासावा आणि गोळ्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

दस्ता पुन्हा चढवल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. सिलिंडर दस्त्याला टेकत असेल, तर सिलिंडर मार्करला जिथे जोडला आहे तिथे आडवा ताण येतो. अशा वेळी सिलिंडर कमरेला बांधून वायूच्या लांब, लवचिक नळीने मार्करला जोडणे श्रेयस्कर. शिवाय मास्कचा खालचा भाग दस्त्यावर आदळतो आणि डोळा नळीच्या रेषेत येत नाही. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवणे सर्वांनी पाहिलेले आहे, पण तो नियम इथे लागू होत नाही. मास्क काढणे हा उपाय नसून खाली झुकलेला दस्ता निवडणे हा उपाय आहे.

शेवटी क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावर गोळीचा वेग मोजावा, तोही मूळ झाकणासह एकदा आणि दस्त्यासह एकदा. जोडामुळे स्प्रिंग अधिक दाबली गेली असेल, तर हॅमर वाल्व्हवर जोराने आदळतो आणि वेग वाढतो. सेकंदाला ३०० फूट ही सर्वमान्य कमाल मर्यादा असून अनेक मैदाने २८० फुटांवरच थांबतात. या मार्करच्या बाजूचा वेगाचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत फिरवला, की वेग कमी होतो. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड असेल, तर त्याचा दाब २१ अंश सेल्सिअसला सुमारे ८५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो आणि उन्हाबरोबर झपाट्याने चढतो, त्यामुळे एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता जुळवलेला वेग दुपारी बारा वाजता पुन्हा मोजूनच मैदानात उतरावे.