70 जागांत मावेल तेवढाच सल्ला: शेतकरी गटासाठी एसएमएस सेवा कशी चालवावी

लातूरकडच्या सोयाबीन पट्ट्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांना हंगामभर एसएमएस पाठवायचं काम माझ्याकडे आहे. ‘आता व्हॉट्सअॅप असताना एसएमएस कोण वाचतं?’ असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतंच. त्याला माझं उत्तर असं की सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या खिशात अजून बटणांचा फोन आहे, रानात रेंज एका काडीवर येते आणि नेटपॅक महिना संपायच्या आधीच संपतो. एसएमएस मात्र फोन चालू झाला की येऊन पडतो. शिवाय व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ला टाकला की तो दहा मिनिटांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो.

हे काम एखाद्या गटाला, सोसायटीला किंवा गावातल्या जाणत्या पोरालाही जमण्यासारखं आहे. चुका कुठे होतात तेवढं आधी माहीत हवं.

पहिली पायरी: यादी, आणि फोन नेमका कोणाच्या हातात आहे

सभासद अर्जावरचे नंबर जसेच्या तसे उचलू नका. आमच्या पहिल्या यादीतले कितीतरी नंबर पुण्याला किंवा चाकणला नोकरी करणाऱ्या मुलांचे निघाले. अर्ज त्यांनी भरला होता, म्हणून नंबरही त्यांचाच. पेरणीचा मेसेज कंपनीच्या शिफ्टमध्ये वाजायचा आणि बाप इकडे तिफण जुंपून मोकळा. सात-बारा बाईच्या नावावर असला तरी नंबर नवऱ्याचा, हा प्रकार तर सर्रास. खुरपणी, बियाणं निवडणं, वाळवण ही कामं जिच्या हातची, तिच्यापर्यंत मेसेज पोचतच नाही. म्हणून प्रत्येक घरातून दोन नंबर घ्या आणि समोर बसून विचारा, ‘सकाळी सहा वाजता हा फोन कोणाजवळ असतो?’

नंबरासोबत चार गोष्टी लिहा: गाव, मुख्य पीक, पाण्याची सोय, आणि फोन बटणांचा आहे की टचचा. मेसेज घ्यायला संमती आहे अशी सही त्याच कागदावर घ्या. ही यादी खत-औषधवाल्याला द्यायची नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. एकदा का त्याच्या जाहिराती सुरू झाल्या, की तुमचाही मेसेज त्यांच्याबरोबर न वाचताच जातो.

दुसरी पायरी: कुठून पाठवायचं

साठ-सत्तर ओळखीची माणसं असतील तर स्वतःच्या फोनवरून सुरुवात करा. बहुतेक रिचार्जमध्ये रोजचे 100 एसएमएस मिळतात, तेवढे पुरतात. यादी वाढली की मात्र नोंदणी लागते. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2018 च्या नियमांनुसार घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला मोबाइल ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे नोंदणीच्या वेबसाइटवर, तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात: संस्था, मेसेजवर दिसणारं छोटं नाव, म्हणजे हेडर, आणि मेसेजचा मजकूर. मंजूर मजकुराशी न जुळणारा मेसेज पुढे जात नाही. त्यात लिंक टाकायची असेल तर तीही आधी नोंदवलेली हवी.

हे किचकट वाटतं, पण एका अर्थी बरंच आहे. हंगामाचे मेसेज एप्रिलमध्येच लिहून ठेवावे लागतात. गाव, तारीख, आकडा यांच्यासाठी रिकामी जागा सोडा आणि बाकी मजकूर मंजूर करून घ्या. पाऊस पडल्यावर बसून लिहायला लागलात तर मंजुरी येईपर्यंत पेरणी आटोपलेली असते.

हेडर मिळाला की तो बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा. इनबॉक्स रिचार्ज आणि कर्जाच्या मेसेजने भरलेला असतो. त्यात आपला कोणता, हे आधी ओळखता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: मजकूर

खरं काम इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 जागा मिळतात; एक जागा म्हणजे एक अक्षर, एक चिन्ह किंवा दोन शब्दांमधली एक मोकळी जागा. देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी त्या 70 होतात. मजकूर त्याहून लांबला की त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात 67 जागा, आणि पैसे तुकड्यांप्रमाणे. फोन काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळं सुटं मोजतो. ‘उगवणक्षमता’ या शब्दात आपल्याला सात अक्षरं दिसतात, फोन दहा मोजतो.

आता सरकारी थाटाची ही सुरुवात बघा: ‘सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की,’ यातच 40 जागा गेल्या आणि अजून काहीच सांगितलेलं नाही.

मेच्या शेवटी पाठवायचा उगवण चाचणीचा मेसेज मी आधी असा लिहिला होता:

‘घरचं सोयाबीन बियाणं: 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. 7 दिवसांनी मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो. कमी आले तर पेरण्याआधी फोन करा.’

127 जागा, दोन तुकडे. मला तो छान वाटला. पाठवण्याआधी तिघांना वाचून दाखवला. त्यातल्या एका आजींनी विचारलं, ‘गोणपाट सात दिवस आपोआप ओलं राहतंय व्हय?’ उन्हाळ्यात लातूरला गोणपाट सकाळी भिजवलं तर दुपारी कडक होतं. मी लिहिल्याप्रमाणे केलं असतं तर चांगलं बियाणंही नापास झालं असतं. दुसरी गोष्ट त्यांच्या बोलण्यावरून माझ्या लक्षात आली: मेसेज एक होता, पण त्यात कामं दोन होती, एक आजचं आणि एक आठवड्यानंतरचं. आठवड्यानंतर मेसेज शोधून कोण वाचणार? मग तो फोडला. पहिला:

‘सोयाबीनचे 100 दाणे गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, 7 दिवसांनी मोजा.’

बरोबर 70 जागा. आणि सातव्या दिवशी सकाळी दुसरा:

‘दाणे मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो पेरा. कमी असतील तर फोन करा.’

हा 63. शेवटी कंपनीचं नाव जोडलं की दोन्ही पुन्हा दोन तुकड्यांचे होऊ शकतात. होऊ द्यात, नाव महत्त्वाचं आहे. पण एका मेसेजमध्ये एकच काम, आणि तेही पुढच्या एक-दोन दिवसांत करायचं, हे सोडू नका.

ही चाचणी मुद्दाम उदाहरणाला घेतली. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, आणि दाणा वरून धडधाकटच दिसतो. एकरी 30 किलो हे प्रमाण 70 टक्के उगवण धरून आहे. उगवण थोडी कमी असेल तर बियाणं वाढवून भागतं, फारच कमी असेल तर ते पेरायचंच नाही. हा हिशेब मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून ‘फोन करा’.

लिपीबद्दल एक सांगतो. जागा वाचवायला रोमन अक्षरांत मराठी लिहायचा मोह होतो. ‘वाळवा’ आणि ‘वळवा’ रोमनमध्ये सारखेच दिसतात. शेंगा वाळवायच्या की पाणी वळवायचं, हे वाचणाऱ्यावर सोडू नका. देवनागरीच वापरा, पण आधी गावातल्या दोन-तीन जुन्या बटणांच्या फोनवर पाठवून बघा. काहींवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. अशा घरांना मेसेज नको, आवाजी कॉल करा.

आकडे लिहिताना दशांशाचा ठिपका टाळा. छोट्या पडद्यावर 2.5 चा 25 होतो. ‘अडीच’ लिहा. मापं गावची वापरा: एकर, गुंठा, फवारणीचा पंप. ‘हेक्टरी’ ऐकलं की माणूस मनातल्या मनात भागाकार करतो किंवा करतच नाही.

आणि माझा एक हट्ट: कीटकनाशकाचं नाव आणि डोस एसएमएसने पाठवायचा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. 70 जागांत औषध मावतं. हातमोजे, वाऱ्याची दिशा, कशात काय मिसळायचं नाही, हे मावत नाही. आम्ही फक्त पाहणीचा मेसेज पाठवतो: ‘सोयाबीनच्या एक मीटर ओळीखाली कापड धरा, झाडं हलवा, अळ्या मोजून कळवा.’ पुढचं बोलणं फोनवर किंवा बांधावर, तेही कृषी सहायकाला (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून.

चौथी पायरी: कधी, आणि कोणत्या गावाला

हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या संध्याकाळी बसून आपल्या गावांपुरतं काय उरतं ते बघा. बरेचदा काहीच उरत नाही. मग मेसेज पाठवू नका. आठवड्याला दोनाच्या वर गेलात की लोक उघडणं सोडतात.

वेळ संध्याकाळी सात-साडेसातची. गुरं बांधून माणूस टेकलेला असतो, घरात वाचून दाखवायला शाळेतलं पोर असतं. पाऊस येणार असेल तर पहाटे.

पेरणीचा मेसेज सगळ्यांना एकदम कधीच नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे, पण पाऊस गावागणिक बदलतो. ओढ्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे धुरळा. प्रत्येक गावात एक साधं पर्जन्यमापक ठेवा, गटप्रमुखाने सकाळी आकडा कळवायचा, आणि ज्या गावाचा आकडा भरला त्यालाच मेसेज. तोही ‘पेरा’ असा हुकूम नको. ‘तुमच्या गावात आजवर एवढा पाऊस. वीतभर ओल आणि वाफसा बघूनच पेरा’ असा असावा. दुबार पेरणीची वेळ आली तर शेतकरी त्या मेसेजवरच बोट ठेवतो, आणि ठेवणारच.

पाचवी पायरी: भाव पाठवायचे का?

सगळ्यांना हेच हवं असतं. बैठकीत हात वर करायला सांगा, नव्वद टक्के भावासाठी वर होतील. मी तरी भावाला शेवटी ठेवतो, आणि कारण महाराष्ट्रातलंच आहे. रॉयटर्स मार्केट लाइट ही सशुल्क एसएमएस सेवा 2007 मध्ये आपल्याकडे सुरू झाली: भाव, हवामान, पीक सल्ला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या 100 गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. 2012 साली छापलेला निष्कर्ष असा, की सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने जास्त भाव मिळाला असं दिसलं नाही. माल कुठे विकायचा आणि प्रतवारी कशी करायची यात थोडा फरक पडला, तेवढाच.

मोंढ्यात बसलेल्या कोणालाही याचं नवल वाटू नये. ज्याने आडत्याकडून जूनमध्ये उचल घेतली आहे, त्याला शेजारच्या बाजारात शंभर रुपये जास्त आहेत हे कळून काय करायचं? आणि ज्याच्याकडे सहा कट्टे आहेत त्याचं गाडीभाडंच तेवढं होतं. म्हणून नुसता भाव पाठवण्यापेक्षा हातात असलेली गोष्ट सांगा: माल 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, कंपनीचं ओलावा मापक अमुक दिवशी अमुक गावात येतंय, गाडी एकत्र भरायची आहे, नावं द्या. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. तो पाठवताना खरेदी केंद्राची नोंदणी कधीपर्यंत, हे त्याच मेसेजमध्ये हवं, नाहीतर तो आकडा नुसता चिडवतो.

सहावी पायरी: उलट फोन येऊ द्या

मेसेजखाली दिलेला नंबर कोणीतरी उचललाच पाहिजे. चोवीस तास नको, संध्याकाळी सहा ते आठ पुरे. लोक बहुधा मिस्ड कॉल देतात, आपण फिरवायचा. त्याबाहेरच्या वेळेसाठी किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क नंबर बैठकीत सांगून ठेवा, तिथे सकाळी सहा ते रात्री दहा मराठीत बोलता येतं.

आलेला प्रत्येक फोन वहीत लिहा: गाव, प्रश्न, काय सांगितलं. एकाच प्रश्नाचे पाच फोन आले, तर पुढचा मेसेज तोच. माझे निम्मे चांगले मेसेज या वहीतून आले आहेत.

सातवी पायरी: फरक पडला का, ते बघा

‘डिलिव्हर्ड’ म्हणजे फोनवर पोचला, डोक्यात नाही. प्रत्येक मेसेजनंतर चिठ्ठ्या टाकून दहा नावं काढा आणि फोन करा. ‘मेसेज मिळाला का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘शंभरातले किती उगवले?’ असं विचारा. आकडा सांगितला तर काम झालं, ‘बघतो, करतो’ म्हणाले तर नाही झालं.

उत्पन्न दुप्पट वगैरे होईल ही अपेक्षा ठेवू नका, देणगीदारालाही सांगू नका. आफ्रिका आणि भारतातल्या अशा मोबाइल सल्ला सेवांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये सायन्स नियतकालिकात आला. त्यात उत्पादनवाढ सरासरी 4 टक्के निघाली. मेसेजच्या खर्चाच्या मानाने ती वाईट नाही.

मेसेज चुकला तर

चुकणारच. आमच्याकडून एकदा ‘एकरी’च्या जागी ‘हेक्टरी’ गेलं. पाठवलेला एसएमएस परत घेता येत नाही, म्हणून दुरुस्तीचा मजकूरही आधीच मंजूर करून ठेवा. तो तासाभरात गेला पाहिजे आणि त्यात पहिला शब्द ‘दुरुस्ती’ हवा: ‘दुरुस्ती: 30 किलो बियाणं एकरी, हेक्टरी नाही.’ त्या वेळी चार गावांत पेरणी चालू होती. मेसेजवर न थांबता गटप्रमुखांना फोन केले, एका गावात देवळाच्या भोंग्यावरून सांगायला लावलं. तरी एकाने तोवर दोन एकर विरळ पेरून टाकलं होतं. त्याच्या बांधावर मी स्वतः गेलो.