पुण्याच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री कशी जुळवावी

पुण्यातील जुने अँटेना सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे, म्हणजे नैऋत्येला रोखलेले असत, आणि त्याच सवयीने आजही कोणीतरी छत्री सिंहगडाकडे वळवायला सांगतो. हा सल्ला मुळीच ऐकू नये. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे पुण्यातून आग्नेयेला, उत्तरेपासून उजवीकडे सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो.

छत्री ६० सेंटिमीटरची पुरते. आग्नेयेला झाड किंवा पाण्याची टाकी आड येणार नाही, अशी जागा निवडावी. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून दूर धरूनच दिशा घ्यावी.

खरी अडचण उंचीच्या कोनात आहे. पहिल्या वेळी मी छत्रीचे तोंडच ५९ अंश वर केले आणि संपूर्ण दुपार वाया घालवली. घरगुती छत्रीचा एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारा छोटा डबा, मधोमध नसून खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो, त्यामुळे ती आपल्या तोंडाच्या दिशेपेक्षा साधारण २० ते २५ अंश वरचे आकाश पाहते. म्हणजे बरोबर जुळलेली छत्री पाहणाऱ्याला फारच कमी कललेली वाटते. डोळ्यांवर विश्वास न ठेवता छत्रीच्या मागच्या पट्टीवरील अंशांच्या खुणांवर ५९ लावावे; त्या खुणांत हा फरक आधीच धरलेला असतो. मात्र खांब ओळंब्यात उभा नसेल तर त्या खुणांना काहीही अर्थ उरत नाही, म्हणून खांब दोन बाजूंनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता सेट टॉप बॉक्सवर फक्त सिग्नलची ‘क्वालिटी’ पाहावी. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी छत्री रिकाम्या आकाशाकडे असतानाही भरलेली दिसते, आणि तिच्यावर विसंबणारे तासन्‌तास चुकत राहतात. छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा जवळजवळ एक अंशाने बदलते; म्हणून तेवढेच सरकवून दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. घाईने फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह न कळता निसटतो.

क्वालिटी आली की एलएनबी आपल्या जागी किंचित फिरवून ती आणखी वाढते का, ते पाहावे. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच नट पूर्ण आवळल्यास जुळलेली दिशा सरकते. शेवटी केबलला एलएनबीखाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी जोडात न शिरता झोलाच्या तळाशी गळून जाते.