फ्रीझन, पण कुठले फ्रीझन? मेनोनाइट घराणं शोधायचं तर

भाच्याची बायको कॅनडातली, माहेरचं आडनाव फ्रीझन, घराणं मेनोनाइट, म्हणजे जर्मन बोलणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातलं. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला आली तेव्हा आईनं पहिल्याच चहाला विचारलं, कुठले गं फ्रीझन तुम्ही? आपल्याकडं पाटील म्हटलं की विचारतात तसंच. पोरीला गाव सांगता येईना आणि तिथनं आमचा शोध सुरू झाला.

पहिली गोष्ट, नुसतं आडनाव टाकून सर्च करू नका. फ्रीझन, पेनर, विबे, डिक अशी मोजकी आडनावं आणि नावं परत तीच योहान, पेटर, याकोब, त्यामुळं एकसारखे शेकडो निघतात. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा, गाव विचारा, बापाचं नाव विचारा, आईचं माहेर विचारा. आम्हाला तिच्या आजीच्या चुलतबहिणीनं मोलोच्नातलं गाव सांगितलं, मग सगळा गुंता सुटत गेला.

मोलोच्ना आजच्या युक्रेनमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. ही मेनोनाइट माणसं मूळची विस्तुला नदीच्या मुखाकडची, म्हणजे आत्ताच्या पोलंडमधली, तिथनं येऊन त्यांनी १७८९ ला खोर्तित्सा ही वसाहत वसवली आणि १८०४ ला मोलोच्ना. रशियात सक्तीची लष्करी भरती आली आणि यांच्या धर्मात शस्त्र धरणं बसत नाही, म्हणून १८७४ पासून हजारो लोक कॅन्सस, मॅनिटोबाकडं गेले, क्रांतीनंतर १९२३ पासून दुसरी लाट कॅनडात. घरचे कुठल्या लाटेतले हे कळलं की कुठले कागद बघायचे ते ठरतं. रशियातल्या व्होल्गा नदीकडचे जर्मन वेगळे हं, ते १७६३ च्या राणी कॅथरीनच्या जाहीरनाम्यावर तिकडं गेलेले, बहुतेक लुथेरन नाहीतर कॅथलिक, त्यांच्यासाठी १७९८ ची जनगणना बघा.

मेनोनाइटांसाठी ग्रँडमा नावाचा डेटाबेस आहे, पैसे भरावे लागतात पण भरा. तिथं सापडलेलं मात्र चर्चच्या वहीशी ताडून बघा. बाप्तिस्म्याच्या तारखेला जन्मतारीख समजू नका, यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी होतो. रशियातल्या तारखा जुन्या कॅलेंडरच्या, एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचा फरक पडतो.

दुसऱ्या महायुद्धात मागं राहिलेल्यांपैकी जे जर्मन सैन्याबरोबर पश्चिमेकडं सरकले त्यांचे जर्मन नागरिकत्वाचे फॉर्म अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर आहेत, त्यात आजी-आजोबांपर्यंत नावं मिळतात. त्याच महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांची मुलं-नातवंडं अजून इथं येतात, त्यांचे चेहरे आठवले की अशा एका कागदाची किंमत कळते.

जुनं जर्मन हस्ताक्षर म्हणजे आपली मोडीच समजा, आज जर्मन येणाऱ्यालाही ते चटकन लागत नाही. आम्ही आधी माहीत असलेली नावं शोधली, त्यातनं एकेक अक्षराचं वळण वहीत उतरवून घेतलं आणि मग त्या वळणांवरनं बाकीचं वाचलं.