आयरिश कविता आणि थिअरी : या चुका टाळा

एम. ए.चे प्रबंध तपासायला घेतले की दुसऱ्या पानावर कळतं, पोराने कविता वाचलीय की नुसती थिअरी, म्हणजे वसाहतवाद, स्त्रीवाद वगैरेंवरचे साहित्य-सिद्धांत. बहुतेक वेळा थिअरीच, तीही कुणाच्या तरी झेरॉक्स नोट्समधून.

सगळ्यांची लाडकी चूक आयरिश कवी शेमस हीनीच्या 'डिगिंग' (खणणं) या कवितेवर होते. कवी खिडकीशी बसलाय, बोटांत पेन, बंदुकीसारखं घट्ट बसलेलं. बाहेर बाप खणतोय. बंदूक दिसली की पोरं सुटतातच. एकाने अकरा पानं लिहिली होती: बंदूक म्हणजे उत्तर आयर्लंडचा रक्तपात, ब्रिटिश सैन्य, वसाहतवादी हिंसा, आणि मग वसाहतवादावर लिहिणारा विचारवंत फॅनन. तोंडी परीक्षेत मी एवढंच विचारलं, "कविता कधीची?" गप्प. कविता १९६४ची, संग्रह १९६६चा. त्या रक्तपाताची सुरुवात मानला जाणारा डेरी शहरातला नागरी हक्कांचा मोर्चा ऑक्टोबर १९६८चा आणि सैन्य रस्त्यावर उतरलं ऑगस्ट १९६९मध्ये. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर सूत तरी त्या सालचं हवं! त्याआधीही बंदुका होत्याच, १९५६ ते ६२ची आयआरए या सशस्त्र संघटनेची सरहद्दीवरची मोहीम होती. त्यावर लिही, मी ऐकेन. पण पठ्ठ्याने शेवटही पाहिला नव्हता. सुरुवातीच्या ओळी शेवटी परत येतात, पेन तेच, बोटं तीच, बंदूक मात्र गायब. तिच्या जागी खणणं येतं. अख्खी कविता या अदलाबदलीवर उभी आहे.

माझी सवय साधी आहे. कविता हाताने वहीत उतरवायची, समासात पेन्सिलीने साल लिहायचं, आणि आठवडाभर थिअरीचं पुस्तक उघडायचं नाही. पोरांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक हीनीच्याच 'पनिशमेंट'वर. 'नॉर्थ' (१९७५) या संग्रहातली ही कविता दलदलीत सापडलेल्या एका मुलीच्या प्राचीन प्रेताशी बोलते. मग ब्रिटिश सैनिकांशी संबंध ठेवले म्हणून डांबर फासलेल्या बेलफास्टच्या मुली येतात. इथे 'पुरुषी नजर' (बाईला बघण्याची वस्तू समजणं) हा शोध लावल्यासारखा लिहितात. अहो, कवितेतला 'मी' स्वतःलाच चोरून बघणारा म्हणतो! गुन्हेगाराने कबुली दिलेली आहे, तुम्ही अजून पंचनामा करताय. ती कबुली पुरते का, हा खरा प्रश्न. बेलफास्टचाच कवी किअरन कार्सन याने तर १९७५मध्येच या संग्रहाला चांगलं झोडपलं होतं. सिद्धांताचं नाव न घेताही मुद्द्याला हात घालता येतो तो असा.

हीनीच्या आधीचा मोठा आयरिश कवी येट्स, त्याला सरळ 'वसाहतीतला कवी' म्हणून मोकळे होऊ नका. तो अँग्लो-आयरिश, म्हणजे आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज वंशाच्या प्रोटेस्टंट घरातला, गोष्ट गुंतागुंतीची आहे.

हीनीला 'ब्रिटिश कवी' लिहू नका. एका ब्रिटिश संकलनात नाव आलं म्हणून त्याने १९८३मध्ये निषेधाची लांबलचक कविताच लिहिली.

आणि आयरिश भाषेतली कविता इंग्रजीत वाचताना अनुवादकाचं नाव बघा. आयरिशमध्ये लिहिणारी कवयित्री नुआला नी घोनल हिच्या 'फेरोज डॉटर' (१९९०) या संग्रहात तेरा कवींचे अनुवाद आहेत. तिच्या भाषेविषयीच्या कवितेला अनुवादक कवी पॉल मल्डूनने 'द लँग्वेज इश्यू' नाव दिलं. 'इश्यू' म्हणजे प्रश्न आणि अपत्यही, शिवाय कवितेत टोपलीतून नदीत सोडलेलं बाळ आहेच. एका मुलीने या श्लेषावर दोन पानं फार सुंदर लिहिली, सगळं श्रेय नुआलाला देऊन. मूळ शीर्षकातल्या 'केश्त' या शब्दाचा अर्थ नुसता 'प्रश्न'.