मुखवटा चढवताना पाठ करा

नाटकाच्या तासाला नववीच्या पोरांच्या हाती मुखवटे दिले की पहिली पाच मिनिटं नुसता दंगा. होऊ द्या. मग प्रेक्षकांकडे पाठ करूनच मुखवटा चढवायला लावा. इलॅस्टिकने कान लाल होतात. मी सुती नाडी लावते.

सुरुवात कागदाच्या लगद्याच्या, कसलाच भाव नसलेल्या कोऱ्या मुखवट्याने. बोलायचं नाही, मुखवट्याला हात लावायचा नाही. वळताना आधी नाक, मग मान, मग खांदे. प्रसंग साधा द्या: एसटीची वाट बघणं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने रिकाम्या रस्त्याकडे बघून हनुवटी दोन बोटं खाली नेली, आणि तो कागदाचा लगदा रडवेला दिसला!

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातली, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातली, देव-राक्षसांची सोंगं शेवटी दाखवा. आधी दाखवलीत तर सगळे रावणच होतात.