वेलहेडच्या फटीगचं काम शिकताना

समुद्रतळावरच्या तेल-वायू विहिरींच्या उपकरणांचं फटीग विश्लेषण, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने धातू थकून भेगाळायला किती वेळ लागेल याचा हिशेब, हे माझं रोजचं काम. या क्षेत्रात येणारे नवे इंजिनिअर बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं शिकू? माझं ऐकाल तर आधी कागद-पेन्सिल घ्या आणि भार कुठून कुठे जातो ते काढा. वर रिग लाटांवर हलते, तिच्याबरोबर रायझर, म्हणजे रिगपासून विहिरीपर्यंतचा लांब पाइप, हलतो. जोराच्या प्रवाहात रायझरमागे भोवरे सुटतात आणि तो आडवा थरथरू लागतो. त्याच्या खाली शेकडो टनांचा, उंच बीओपी (आणीबाणीत विहीर बंद करणारा झडपांचा संच). तो डुलला की बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा भार, वेलहेडवर (विहिरीच्या समुद्रतळावरच्या तोंडावर) येतो, तिथून कंडक्टर (विहिरीचा सर्वांत बाहेरचा पाइप) आणि त्याच्या आतल्या केसिंग पाइपांमध्ये उतरतो, आणि अखेर माती तो पेलते. या वाटेवर जिथे वेल्ड किंवा कनेक्टर आहे, तिथे भेगेची भीती जास्त.

नव्यांचं लक्ष वादळाकडे लागलेलं असतं. पण फार खवळलेल्या समुद्रात रायझर सोडवून घेतात. बरंचसं नुकसान साचतं ते नेहमीच्या, मध्यम लाटांत. 8 सेकंदांची लाट धरली तर दिवसाला 10,800 आवर्तनं होतात, आणि ड्रिलिंग आठवडेच्या आठवडे चालतं. एस-एन वक्राचा (ताणाचा पल्ला आणि तो किती आवर्तनं सोसता येतो, यांचा आलेख) उतार 3 असेल, तर ताणाचा पल्ला निम्मा केल्यावर आयुष्य 8 पट होतं. कमी ताणाच्या भागात हाच उतार 5 धरतात, तिथे 32 पट. ताण नुसता 10 टक्क्यांनी उतरला तरी उतार 3 वर आयुष्य सुमारे 37 टक्क्यांनी वाढतं. म्हणून छोटी सुधारणाही सोडायची नाही.

मला सर्वांत जास्त झगडायला लागतं ते सिमेंटशी. कंडक्टर आणि सरफेस केसिंग यांच्यामधलं सिमेंट समुद्रतळापर्यंत आलंय की काही मीटर खालीच थांबलंय, हे खात्रीने क्वचितच कळतं. त्या फरकाने मोमेंटची वाटणी बदलते, हॉटस्पॉट, म्हणजे सर्वांत जास्त नुकसानाची जागा, एका वेल्डवरून दुसऱ्यावर सरकतो, आणि आयुष्याचं उत्तर कित्येक पटींनी वरखाली होतं. त्यामुळे एकच पातळी गृहीत धरून दिलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. तीन-चार पातळ्या चालवा, सर्वांत वाईट उत्तर पुढे ठेवा. मातीचंही तसंच: मऊ आणि कडक, दोन्ही टोकं तपासा.

उपाय डिझाइनच्या वेळी केले तर स्वस्त पडतात: जाड भिंतीचा कंडक्टर, प्रीलोड दिलेलं (आधीच ताण देऊन घट्ट जखडलेलं) रिजिड लॉक वेलहेड, हॉटस्पॉटपासून लांब नेलेला वेल्ड, घासून गुळगुळीत केलेली वेल्डची कड. विहीर आधीच खोदलेली असेल तर पर्याय कमी उरतात. त्यातला मला सर्वांत परिणामकारक वाटणारा उपाय म्हणजे बीओपी टेदरिंग. वेलहेडभोवती समुद्रतळावर अँकर ठेवतात आणि बीओपीचा वरचा भाग ताणलेल्या दोरांनी त्यांना बांधतात. आडवा भार दोर घेतात, वेलहेडला कमी वाकावं लागतं. भोवऱ्यांचा त्रास असेल तर रायझरवर फेअरिंग (प्रवाह सुरळीत करणारी आवरणं) किंवा स्ट्रेक्स (सर्पिल पट्ट्या) बसवतात.

अभ्यासाला डीएनव्ही या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची फटीगवरची मार्गदर्शिका आरपी-सी203 आणि वेलहेड फटीगवरची आरपी-ई104 घ्या, पण सोबत रेनफ्लो मोजणी (ताणाची आवर्तनं मोजण्याची पद्धत) आणि मायनरचा नियम (प्रत्येक आवर्तनाचं नुकसान बेरजेत धरण्याचा) हाताने एकदा तरी सोडवा. बीओपीवरच्या मोशन सेन्सरचा डेटा मिळाला तर तो मॉडेलशी ताडून पाहा, मॉडेल कुठे जास्त सावध आहे ते तिथेच दिसतं. आणि जुन्या विहिरीवर वर्कओव्हर (दुरुस्ती) किंवा विहीर बंद करण्याचं काम निघालं, तर पहिला ईमेल ड्रिलिंग टीमला करा: आधी कोणती रिग, किती वजनाचा बीओपी, किती दिवस जोडलेला होता? साचलेलं नुकसान त्या नोंदींवरूनच काढावं लागतं.