पोर्तुगालचे वणवे: जळालेल्या झुडपांचे आकडे वाचताना या चुका टाळा

2017 साली पोर्तुगालमध्ये वणव्यांत 5 लाख हेक्टरांहून जास्त जमीन जळाली. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ 3.7 लाख हेक्टर. एवढ्या मोठ्या आपत्तीचे आकडे तरी सगळीकडे सारखे असतील, असं वाटतं. पण तसे ते नाहीत. त्यातून फक्त झुडपी प्रदेश किती जळाला हे शोधायला गेलात, तर आलेख काढण्याआधीच पाच ठिकाणी पाय घसरतो.

‘झुडपं’ म्हणजे काय, हे न पाहताच रकाना उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जगभरच्या देशांचे तयार तक्ते उघडले की पोर्तुगालपुढे झुडपांचा आकडा किरकोळ दिसतो आणि ‘सॅव्हाना’चा फुगलेला. आफ्रिकेतला गवताळ प्रदेश युरोपच्या टोकाला कसा आला? तो कुठेही आलेला नाही. यातले बरेचसे तक्ते नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाच्या भूआवरण नकाशावर (कुठल्या जमिनीवर काय उभं आहे ते दाखवणाऱ्या) बेतलेले असतात आणि त्या नकाशाचे नियम यांत्रिक आहेत. दोन मीटरांहून उंच झाडांचं आच्छादन 10 ते 30 टक्के असेल तर सॅव्हाना, 30 ते 60 टक्के असेल तर वृक्षाळ सॅव्हाना. मग विरळ पाइन, बुचाच्या ओकची राई, झाडाझुडपांची सरमिसळ असलेला डोंगरउतार, सगळं तिकडेच जमा होतं.

पोर्तुगालची वनसंस्था आयसीएनएफ मात्र जळालेलं वनक्षेत्र दोन भागांत मोजत आली आहे: ‘पोवुआमेंतुश’, म्हणजे झाडांची वनं, आणि ‘मातुश’, म्हणजे काटेरी गॉर्स, हेदर, ब्रूम, रॉकरोझ यांचं रान. एकच उतार सरकारी नोंदीत ‘मातुश’ आणि उपग्रहाच्या तक्त्यात ‘सॅव्हाना’ असू शकतो. महसुली नोंदीतलं ‘झुडपी जंगल’ आणि जमिनीवर खरोखर उभं असलेलं रान यांचा मेळ किती बसतो, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

उपाय असा: जागतिक तक्ता वापरायचा असेल तर झुडपं, गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना हे रकाने शेजारी ठेवून एकत्र वाचा. फक्त झुडपं हवी असतील तर ‘मातुश’ची राष्ट्रीय मालिका घ्या. दोन्हींतली वर्षं जोडून एकच रेघ मात्र कधीही ओढू नका.

एका वर्षावरून कल ठरवणं

देश लहान असला की एक मोठा वणवा सबंध वर्षाचा आकडा ठरवतो. 2018 मध्ये देशभरात सुमारे 44 हजार हेक्टर जळाले, त्यातले जवळजवळ 27 हजार दक्षिणेतल्या एकट्या मोंशिकच्या वणव्यात. 2003 मध्ये 4 लाखांच्या वर, 2008 मध्ये 20 हजारांच्या आत. असल्या मालिकेची सरासरी फारसं काही सांगत नाही. मध्यक काढा आणि मोठी वर्षं वेगळी दाखवा.

2018 ते 2021 ही चार वर्षं तुलनेने शांत गेली आणि 2017 नंतरचं वणव्यांविषयीचं नवं धोरण यशस्वी झाल्याचा सूर लागला. धोरणात बदल झाला होता हे खरंच. पण 2024 च्या सप्टेंबरमध्ये साधारण आठवडाभरात लाखाच्या आसपास हेक्टर गेले आणि 2025 मध्ये वर्षाचा आकडा अडीच लाखांपलीकडे पोचला. त्या ऑगस्टमध्ये मध्य पोर्तुगालमधल्या अर्गानीलच्या बाजूला लागलेल्या एकाच वणव्याने 60 हजारांहून जास्त हेक्टर जाळले. चार वर्षांवरून निष्कर्ष काढायची घाई नडली, दुसरं काही नाही.

वर्ष संपण्याआधीचा आकडा

2017 च्या सप्टेंबरअखेरचा अहवाल वापरलात तर त्या वर्षाचं निम्मंसुद्धा जळीत हाती लागत नाही. 15 ऑक्टोबरला ओफेलिया वादळाच्या वाऱ्यांनी मध्य पोर्तुगाल पेटवला. ऑक्टोबरअखेरच्या अहवालात 4.42 लाख हेक्टर आहेत: 2.65 लाख झाडांची वनं, 1.77 लाख झुडपं. नंतरच्या तक्त्यांत 5.4 लाख दिसतात, कारण त्यात शेतजमीनही धरली आहे आणि मोजणीही सुधारलेली आहे. ‘झुडपांचा वाटा किती टक्के’ हे काढताना भाजक कुठला घेतला ते आधी लिहा, मग टक्केवारी.

वर्षावर वर्ष बेरीज

वीस वर्षांचे आकडे बेरजेत टाकून ‘एवढा झुडपी प्रदेश नष्ट झाला’ असं लिहिणं साफ चूक. यातली बरीच झुडपं आगीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटतात. रॉकरोझचं बी तर आगीच्या उष्णतेनेच रुजायला लागतं. काही वर्षांत तोच उतार पुन्हा जळण्याजोगा होतो आणि बेरजेत दुसऱ्यांदा मोजला जातो. खरी व्याप्ती हवी असेल तर वणव्यांच्या सीमारेषा नकाशावर एकमेकींवर ठेवाव्या लागतात, त्याला पर्याय नाही.

उलटही घडतं. पाइनचं रान एकदा जळलं आणि नवी झाडं बियाण्यावर येण्याआधीच पुन्हा पेटलं, तर तिथे झुडपंच माजतात. पुढच्या वणव्यात ती जमीन ‘मातुश’मध्ये मोजली जाते. म्हणून झुडपांचा वाढता वाटा दिसला की आधी तिथे पूर्वी काय उभं होतं ते तपासा.

मोजण्याची पट्टी बदलल्याकडे दुर्लक्ष

मोडिसचा एक चौकोन सुमारे 500 मीटरांचा, म्हणजे जवळपास 20 ते 25 हेक्टरांचा. त्याहून लहान वणवे सहज निसटतात. युरोपची एफिस यंत्रणा पूर्वी प्रामुख्याने 30 हेक्टरांवरचे वणवे नोंदवायची. 2018 पासून सेंटिनेल-2 उपग्रहांच्या बारकाईच्या प्रतिमांमुळे लहान वणवेही येऊ लागले. त्यामुळे 2018 नंतर वणव्यांची संख्या वाढलेली दिसली, तर त्यातली काही वाढ नुसत्या मोजणीची आहे. आलेखावर त्या वर्षी उभी रेघ मारून तसं लिहा.

आणखी एक: उपग्रहाला जळलेली जमीन दिसते, ती कुणी आणि कशासाठी जाळली ते दिसत नाही. उत्तरेकडच्या डोंगरांत मेंढपाळ चराईसाठी झुडपं जाळतात. वनखातंही हिवाळ्यात, आपल्याकडे जाळरेषा काढतात तशाच हेतूने, मुद्दाम पट्टे जाळतं. महिन्यानुसार आकडे मिळत असतील तर हिवाळा आणि वसंत वेगळे काढा. या महिन्यांतलं जळीत सगळंच ‘वणवा’ म्हणून छापू नका.